मांगाच्या शेजारी कोरियन आणि चिनी कॉमिक्स कशी लावावीत?

खानापूरहून एका मुलीनं विचारलंय. तिच्याकडे आणि तिच्या धाकट्या भावाकडे मिळून मांगाची, म्हणजे जपानी कॉमिक्सची, २२० पुस्तकं आहेत. गेल्या दोन वर्षांत त्यांत ३१ कोरियन आणि १४ चिनी पुस्तकांची भर पडली. भाऊ म्हणतो, सगळी मांगाच की, एका ओळीत नावाप्रमाणे लावून टाकू. तिला ती वेगळी ठेवायची आहेत, पण नेमकी कशी ते ठरत नाही. कपाट एकच आहे, जूनपासून घराला ओल सुटते आणि यादी करताना लेखकांच्या नावांचा गोंधळ होतो.

बाळ, आधी थोडक्यात सांगते. वेगळी लाव, पण लांब लावू नकोस. एकाच कपाटात एकमेकांना लागून तीन गट कर आणि प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर ते कुठल्या बाजूनं उघडतं याची खूण कर. आता हे का, ते सविस्तर सांगते, कारण ‘का’ कळलं की पुढची पुस्तकं तुझी तूच लावशील.

मी बेळगावातल्या एका वाचनालयात सव्वीस वर्षं पुस्तकांची देवघेव सांभाळली. घरी माझा स्वतःचा संग्रह आहे, त्यात मांगा साधारण अकराशे, कोरियन अडीचशेच्या वर आणि चिनी नव्वदेक. तुझा भाऊ म्हणतो तसं मीही करून पाहिलं आहे. वाचनालयात २०२१ मध्ये कोरियन पुस्तकं यायला लागली तेव्हा आम्ही ती सरळ मांगाच्या ओळीत मिसळली. चित्रांचा तोंडावळा सारखा, वाचणारी मुलंही तीच, मग वेगळं कशाला, असा विचार. दोन वर्षं तसंच चाललं.

मग अनगोळचा नववीतला एक मुलगा ‘सोलो लेव्हलिंग’ या कोरियन मालिकेचा पहिला भाग दोन दिवसांत परत घेऊन आला. टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “मावशी, ह्यातलं कायबी कळंना की.” वाचनात हुशार मुलगा. मांगाचे पन्नासेक भाग त्याच्या नावावर गेलेले. मी विचारलं, कुठून सुरू केलंस? त्यानं पुस्तक हातात घेतलं आणि सवयीनं मागच्या पानापासून उघडलं. मांगा वाचून वाचून त्याचा हात तसाच वळला होता. त्यानं गोष्ट शेवटाकडून वाचायला घेतली होती, वर प्रत्येक पानावरच्या चौकटीही उजवीकडून डावीकडे. मी पुस्तक त्याच्या हातात फिरवून दिलं, आपल्या बालभारतीसारखं डावीकडून. तिथंच उभ्या उभ्या त्यानं वाचायला सुरुवात केली आणि वाचनालय बंद करायची वेळ झाली तरी हलला नाही.

त्या संध्याकाळी मी देवघेवीचं रजिस्टर काढून बसले. मिसळलेल्या ओळीतली कोरियन पुस्तकं फार कमी बाहेर गेली होती आणि जी गेली ती लवकर परत आली होती. किती मुलांनी ती अशीच उलटी वाचून ‘कळत नाही’ म्हणून ठेवून दिली असतील! पुस्तकात काही कमी नव्हतं, आम्ही ते चुकीच्या जागी ठेवलं होतं. याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून कपाट लावायच्या प्रश्नाला मी किरकोळ समजत नाही.

आता दिशेचं मूळ बघ. जपानी मजकूर परंपरेनं उभा लिहितात आणि ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात, म्हणून मांगा उजवीकडून उघडतो. कोरियात आज मजकूर आडवा आणि डावीकडून उजवीकडे, थेट आपल्यासारखा. म्हणून कोरियन कॉमिक, ज्याला ते मान्ह्वा म्हणतात, डावीकडून उघडतं. चिनी कॉमिकला म्हणतात मान्हुआ, आणि खरी काळजी तिथंच घ्यावी लागते. मुख्य भूमीवरच्या चीनमध्ये मजकूर आडवा असल्यानं पुस्तकं बहुतेक डावीकडून उघडतात. हाँगकाँग आणि तैवानमध्ये उभ्या मजकुराची परंपरा टिकली, त्यामुळे तिथली कॉमिक्स पुष्कळदा उजवीकडून. इंग्रजी भाषांतर करताना काही प्रकाशक मूळ दिशा ठेवतात, काही पानं आरशातल्यासारखी उलटवतात. मांगाच्या जुन्या इंग्रजी आवृत्त्या अशा उलटवलेल्या असत. २००२ मध्ये टोकियोपॉप या अमेरिकन प्रकाशकानं मूळ दिशेनंच छापायचं ठरवलं आणि मग तो रिवाज पडला. म्हणजे तुझी २२० जपानी पुस्तकं बहुधा एकाच बाजूनं उघडत असतील, ३१ कोरियन दुसऱ्या बाजूनं, आणि १४ चिनी मात्र एकेक हातात घेऊन बघावी लागतील.

त्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळतात त्या गोल रंगीत चिकट टिकल्या आण. पुस्तकावर थेट चिकटवू नकोस, डिंक कण्यावर कायमचा डाग पाडतो. पारदर्शक कव्हर घाल आणि टिकली त्या कव्हरवर, कण्याच्या अगदी तळाशी लाव. उजवीकडून उघडणाऱ्याला लाल, डावीकडून उघडणाऱ्याला हिरवी. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला या दोन रंगांचा अर्थ मोठ्या अक्षरात लिहून ठेव, म्हणजे घरी आलेल्या मैत्रिणीलाही विचारावं लागणार नाही. आम्ही वाचनालयात हे केल्यावर ‘कळत नाही’ म्हणून परत येणारी पुस्तकं थांबली.

‘सगळी मांगाच’ या तुझ्या भावाच्या म्हणण्यात अर्धं खरं आहे, ते त्याला जरूर सांग. मांगा, मान्ह्वा आणि मान्हुआ हे तिन्ही शब्द एकाच चिनी अक्षरजोडीचे तीन देशांतले उच्चार आहेत. पहिलं अक्षर ‘सैल, मनाला येईल तसं’ अशा अर्थाचं, दुसरं ‘चित्र’. जपानमध्ये होकुसाईच्या रेखाटनांचा ‘होकुसाई मांगा’ १८१४ पासून निघाला. चीनमध्ये १९२५ मध्ये फंग झीखाय याची चित्रं ‘झीखाय मान्हुआ’ या नावानं छापली गेली आणि तिथं तो शब्द रुळला. म्हणजे घराणं एकच. पण चुलत भाऊ एकाच वाड्यात राहत असले तरी प्रत्येकाचा उंबरा वेगळा असतोच की. कोरियन चित्रकाराच्या कामाला जपानी म्हणणं मला पटत नाही. मी सीमाभागात वाढले. माझ्या भाषेला दुसऱ्याच भाषेचं नाव दिलेलं मला चालत नाही, मग मी ते दुसऱ्याच्या कामाला कसं देऊ?

हा घोळ जुना आहे. टोकियोपॉपनं २००२ च्या सुमारास ह्युंग मिन-वूचं ‘प्रीस्ट’, ली म्यंग-जिनचं ‘रॅग्नारॉक’ अशी कोरियन कामं इंग्रजीत आणली तेव्हा तीही मांगाच्याच रांगेत विकली गेली. वाचणाऱ्या कित्येकांना ती कोरियन आहेत याचा पत्ता नव्हता. आता ‘सोलो लेव्हलिंग’चं तसंच होतंय. चुगोंग या टोपणनावाच्या लेखकाची ती मूळ कोरियन वेब-कादंबरी. २०१८ पासून तिचं वेबटून, म्हणजे इंटरनेटवर वाचायचं कॉमिक, आलं, ते डुबू या नावानं काम करणाऱ्या जांग संग-राक यांनी रेखाटलं. ते २०२२ च्या जुलैमध्ये, ऐन उमेदीत वारले. जानेवारी २०२४ मध्ये त्यावर जपानी स्टुडिओची ॲनिमे मालिका आली आणि मुलांनी मूळ कामही जपानीच धरलं. जपानी आवृत्तीत तर नायकाचं नावसुद्धा बदललंय, संग जिन-वूचा मिझुशिनो शुन झालाय. तुझ्या नोंदवहीत त्या पुस्तकापुढं ‘कोरिया’ लिहिलेलं असेल आणि कण्याच्या गटातही ते दिसेल, तर निदान तुमच्या घरात तरी त्या चित्रकाराचं देणं नीट नोंदवलं जाईल.

पुस्तक कुठलं हे ओळखायचं कसं? चित्रांवरून ओळखायला जाऊ नकोस, मीही फसते. मागच्या कव्हरवरच्या बारकोडखालचा आयएसबीएन वाच. मूळ भाषेतलं पुस्तक असेल तर ९७८ नंतरचा आकडा सांगतो: ४ असेल तर जपान, ८९ असेल तर कोरिया, ७ म्हणजे मुख्य भूमीवरचा चीन, ९५७ किंवा ९८६ तैवान, ९६२ किंवा ९८८ हाँगकाँग. कोरियाची अलीकडची पुस्तकं ९७९-११ नं सुरू होतात. तुझी पुस्तकं इंग्रजी असणार, त्यांवर बहुतेक ९७८-० किंवा ९७८-१ दिसेल आणि त्यावरून मूळ देश कळणार नाही. मग आतलं हक्कांचं पान काढ. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मूळ कुठे, कोणी, कुठल्या साली प्रसिद्ध केलं. मांगात हे पान पुष्कळदा शेवटी, म्हणजे आपण ज्याला पहिलं पान म्हणू तिथं सापडतं. पाच ओळींचं असतं, पण सगळा निकाल तिथंच लागतो.

माझा नियम असा: काम पहिल्यांदा जिथं प्रसिद्ध झालं त्या देशाच्या गटात ते पुस्तक. चित्रकार कुठला हा प्रश्न नंतरचा. बोईची हे कोरियन चित्रकार, पण ‘डॉक्टर स्टोन’ त्यांनी रिइचिरो इनागाकी यांच्या कथेवर जपानी साप्ताहिकासाठी काढलं, २०१७ ते २०२२. ते मांगाच्या गटात. तैवानचे चंग वेन यांनी जपानी मासिकांत जे काम केलं तेही तिथंच. नोंदवहीत मात्र ‘चित्रकार: कोरिया’ किंवा ‘चित्रकार: तैवान’ असा शेरा मी लिहिते. सर्वात अवघड गेलं ते युन इन-वान आणि यांग क्यंग-इल या कोरियन जोडीचं ‘शिन आंग्यो ओन्शी’. गोष्ट कोरियन लोककथांतून उचललेली, लेखक-चित्रकार दोघं कोरियन, पण छापलं गेलं जपानी मासिकात आणि त्याच सुमारास कोरियातही. मी ते दोन वेळा इकडून तिकडं हलवलं. आता ते कोरियन गटाच्या शेवटी, मांगाला लागून आहे, आणि मला वाटतं तीच त्याची खरी जागा. अशा पुस्तकांसाठी दोन गटांच्या सांध्यावर वीतभर जागा मोकळी सोड.

गटांचा क्रम कुठला, तर मी ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार आकडे देतात त्या ड्यूई दशांश पद्धतीचा घेतला. कॉमिक्सचा मूळ आकडा ७४१.५. त्यापुढे देशाप्रमाणे चीन ७४१.५९५१, दक्षिण कोरिया ७४१.५९५१९५, जपान ७४१.५९५२. तैवान आणि हाँगकाँगचे आकडे चीन आणि कोरियाच्या मधे पडतात. घरी आकडे चिकटवायची गरज नाही, पण डावीकडून चीन, तैवान, हाँगकाँग, कोरिया, जपान असा क्रम आपोआप लागतो आणि उद्या एखाद्या वाचनालयाला संग्रह द्यायची वेळ आली तर त्यांचं काम सोपं होतं. तुझ्याकडे आणखी एक फायदा: १४ आणि ३१ पुस्तकं सुरुवातीला डोळ्यासमोर येतात. २२० च्या ओळीत मिसळली तर ती बुडून जातात, कोणाला दिसतसुद्धा नाहीत.

गटाच्या आत मालिकेप्रमाणे लाव. लेखकाप्रमाणे लावायचा मोह होतो, पण कोरियन आणि चिनी कामांत मूळ कादंबरीकार वेगळा, वेबटूनची पटकथा लिहिणारा वेगळा, चित्रकार वेगळा, आणि कण्यावर कधी एकाचं नाव मोठं तर कधी दुसऱ्याचं. मालिकेचं नाव पक्कं असतं.

तेही तसं पूर्ण पक्कं नाही म्हणा. ‘सोलो लेव्हलिंग’ आधी काही ठिकाणी ‘आय अलोन लेव्हल-अप’ या नावानं यायचं. ‘मो दाव झू शी’ आणि ‘ग्रँडमास्टर ऑफ डेमोनिक कल्टिव्हेशन’ ही दोन चिनी पुस्तकं नाहीत, एकच आहे. तुझ्या यादीत मला दोन्ही नावांच्या वेगळ्या नोंदी दिसल्या, बहुधा एक तुझी, एक भावाची. यावर उपाय आपल्या वाचनालयांत कित्येक वर्षं चालत आलेला आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला आपल्या शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, तेव्हा आमच्या कार्ड-पेटीत प्रश्न आला. जुन्या पुस्तकांवर बेळगाव, इंग्रजीवर बेलगाम, नव्या सरकारी अहवालांवर बेळगावी. आम्ही एक नाव मुख्य धरलं आणि बाकीच्या दोन नावांची छोटी कार्डं केली, त्यांवर फक्त एवढंच: ‘बेळगाव पाहा’. तुझ्या वहीत तसंच कर. एक नाव मुख्य, बाकी नावांपुढे ‘अमुक पाहा’.

माणसांच्या नावांचा गोंधळही यानंच सुटतो. जपान, कोरिया, चीन, तिन्हीकडे आडनाव आधी. इंग्रजी मांगावर ते उलटं करून छापतात, म्हणजे कव्हरवर ‘अकिरा तोरियामा’, पण आडनाव तोरियामा. कोरियन नावं कधी उलटी करतात, कधी नाही. ह्युंग मिन-वूमध्ये ह्युंग आडनाव. कोरियन ‘ली’चा तिकडचा उच्चार नुसता ‘ई’ आहे, ‘चोई’चा ‘च्वे’च्या जवळ. हाँगकाँगच्या नावांत आणखी एक पदर असतो: कॅन्टोनीज उच्चारातले मा विंग-शिंग मँडरिनमध्ये मा रोंगचंग होतात आणि माणूस एकच. नोंदवहीत मी कव्हरवर छापलेलं रूप मुख्य धरते, आडनाव आधी लिहिते, स्वल्पविराम, मग नाव. टोपणनाव मात्र तोडायचं नाही. चुगोंग, डुबू, सिऊ ही अखंड नावं. ‘मो दाव झू शी’च्या लेखिकेचं ‘मो श्यांग थोंग श्यू’ हेही चार चिनी अक्षरांचं अख्खं टोपणनाव आहे, त्यातलं ‘मो’ आडनाव समजून पुढं-मागं करू नकोस.

आता कपाटाकडे येते. पुस्तकांची मापं सारखी नाहीत. साधा इंग्रजी मांगा साडेसात इंच उंच असतो. ‘सोलो लेव्हलिंग’ सव्वाआठ इंच. चिनी पुस्तकं त्याहूनही वेगवेगळी येतात, पट्टी घेऊन मोज. दोन फळ्यांमधलं अंतर नऊ इंच ठेवलंस तर बहुतेक सगळी उभी राहतात. त्याहून जास्त अंतर ठेवलं की मुलं वर आडवी पुस्तकं कोंबतात. त्यानं कणे मोडतात. वजनाचा फरक त्याहून महत्त्वाचा. मांगाचा कागद हलका, रद्दीसारखा खरबरीत. कोरियन वेबटून मुळात मोबाइलवर वरून खाली सरकवत वाचायला केलेलं, संपूर्ण रंगीत. ते छापताना चौकटी नव्यानं पानावर मांडतात आणि रंग उठावा म्हणून गुळगुळीत, जड कागद वापरतात. माझ्या तीन फुटी प्लायच्या फळीनं मांगा वर्षानुवर्षं पेलला आणि कोरियन पुस्तकांखाली तीच फळी एका वर्षात पोटात आली. सुताराला सांग, रंगीत पुस्तकांच्या खणाला दोन फुटांवर मधला आधार दे, आणि तो खण खालून दुसरा ठेव. सगळ्यात खालचा नको. का ते पुढे सांगते.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुला आठवत असेल. जिल्ह्यात घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा सगळ्याच फुगल्या होत्या. इकडे बळ्ळारी नाल्याचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. जमिनीवर दोन खोकी होती. एकात मांगाचे साठेक भाग, दुसऱ्यात मा विंग-शिंग यांच्या ‘स्टॉर्म रायडर्स’चे इंग्रजी भाग, संपूर्ण रंगीत, चकचकीत कागदावरचे. १९८९ मध्ये हाँगकाँगमध्ये सुरू झालेली ती मालिका, इंग्रजीत एका छोट्या अमेरिकन प्रकाशकानं काढलेली आणि कधीच बंद झालेली. ते भाग मी पुण्याच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून सात वर्षांत एकेक करून जमवले होते. पाणी ओसरल्यावर मी दोन्ही खोकी गच्चीवर नेली, ऊन नव्हतंच, म्हणून पंख्याखाली पुस्तकं जशी होती तशी मिटलेली उभी केली. चार दिवसांनी मांगा वाळला. पानं लाटांसारखी झाली, कडा तपकिरी पडल्या, पण आजही तो वाचता येतो. ‘स्टॉर्म रायडर्स’ची मात्र वीट झाली. प्रत्येक भाग एक वीट. पान सोडवायला नखानं कड उचलली तर रंगाचा पापुद्रा शेजारच्या पानाला चिकटून आला आणि खाली पांढरा कागद उघडा पडला. एका पानावर तलवार उचललेला हात राहिला, चेहरा समोरच्या पानावर गेला. त्यातला एक भाग मी अजून जपून ठेवला आहे, नव्या मुलांना हातात द्यायला.

याचं कारण कागदात आहे. छापखान्यात ज्याला आर्ट पेपर म्हणतात त्यावर बारीक पांढऱ्या मातीचा थर असतो आणि तो थर धरून ठेवायला चिकट द्रव्य. पाणी लागलं की ते द्रव्य सैल पडतं आणि मिटलेलं पुस्तक वाळताना दोन पानांना एकमेकांशी सांधून टाकतं. एकदा वाळलं की उपाय नाही. म्हणून रंगीत पुस्तक भिजलं तर ते मिटून वाळू द्यायचं नाही. ओलं असतानाच, काही तासांच्या आत, एकेक पान सावकाश सोडवायचं आणि प्रत्येक दोन पानांत बटर पेपर घालायचा. तीनशे पानांच्या पुस्तकाला एक अख्खी संध्याकाळ लागते, तयारी ठेव. पुस्तकं जास्त असतील आणि एका दिवसात होणार नसतील, तर ओली पुस्तकं वेगवेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये ठेव. गोठलेली असेपर्यंत चिकटत नाहीत, मग एकेक काढून काम करता येतं. हे मला २०१९ मध्ये कोणी सांगितलं असतं तर! साधा मांगा भिजला तर पानं थोडी पसरून उभा कर, पंखा लाव, पुरे.

खानापूरचा पाऊस आमच्याहून जास्त, तेव्हा पूर आला नाही तरी ओल आहेच. कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावू नकोस, आपला पाऊस तिकडूनच झोडपतो. दुसऱ्या भिंतीलाही चार बोटं अंतर सोड आणि खाली विटा किंवा पाये देऊन ते जमिनीपासून वीतभर उचल. सगळ्यात खालच्या खणात साधा मांगा, जो मिळवायला सोपा आहे. रंगीत पुस्तकं त्याच्या वर. पावसाळ्यात पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायची चूक खूप जण करतात, आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. पारदर्शक कव्हर चालतं, कारण ते तीन बाजूंनी उघडं असतं. हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते कपाटात ठेव. काटा ६५ च्या वर राहायला लागला की सिलिका जेलच्या पुड्या बदल आणि त्या रंगीत खणात जास्त ठेव. कसरीसाठी मी वेखंडाचे तुकडे कापडात बांधून कोपऱ्यात ठेवते. आई तेच करायची आणि माझा अनुभव चांगला आहे. डांबर गोळ्या बंद कपाटात ठेवू नका, मुलं पुस्तक नाकाशी धरून वाचतात.

खरेदीबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या यादीतल्या तीन कोरियन पुस्तकांची किंमत बघून मला शंका आली. रस्त्यावर आणि ऑनलाइन बेकायदा छापलेल्या प्रती भरपूर विकल्या जातात. हक्कांचं पान झेरॉक्ससारखं पुसट, कण्यावरची अक्षरं एका बाजूला सरकलेली, रंगीत पुस्तकात गडद भाग नुसता काळा आणि चेहरे तांबूस. मांगात जिथं बारीक ठिपक्यांची करडी छटा हवी तिथं चट्टे दिसतात. अशी प्रत असेल तर ती टाकून दे असं म्हणत नाही, वाचून झालीच आहे. पण पुढच्या वेळी एका खऱ्या भागासाठी पैसे साठव, चित्रकाराला काही पोचायचं असेल तर तोच मार्ग. आणि कोरियन मालिका घेताना आधी दोन भाग घे, मग थांब. वेबवर पूर्ण झालेली मालिका छापून पूर्ण होईलच असं नसतं. टोकियोपॉपनं २०११ मध्ये अमेरिकेतलं प्रकाशन बंद केलं तेव्हा माझ्या कितीतरी मालिका मधेच तुटल्या, त्या तशाच अर्ध्या उभ्या आहेत. नोंदवहीत ‘शेवटचा मिळालेला भाग’ असा एक रकाना ठेव, जुन्या बाजारात त्याचा उपयोग होतो.

एक गोष्ट घरातल्या लहानांसाठी. ‘मो दाव झू शी’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे, सुंदर आहे, पण मोठ्या मुलांसाठी आहे. ‘प्रीस्ट’मध्ये हिंसा भरपूर. कव्हरवरून हे कळत नाही, मागच्या बाजूला वयाची खूण असते ती बघ आणि अशी पुस्तकं वरच्या खणात जाऊ देत, तिथं गट मोडला तरी चालेल.

तुझ्या १४ चिनी पुस्तकांपैकी अकरांची जागा तू पाठवलेल्या यादीवरूनच ठरते. सहा मुख्य भूमीवरची, हिरवी टिकली. पाच हाँगकाँगची, त्यांतली तीन लाल आणि दोन उलटवून छापलेली, म्हणून हिरवी. उरलेल्या तिघांचं नावावरून मला कळत नाही. त्यांच्या हक्कांच्या पानांचे फोटो काढून पाठव, उजेडात काढ म्हणजे बारीक अक्षरं वाचता येतील. आणि भावाला सांग, ‘डॉक्टर स्टोन’ त्याच्याच मांगाच्या खणात राहणार आहे.